लघवीच्या पिशवीची दुर्बिणीतून तपासणी: चिठ्ठी हातात आल्यापासून घरी येईपर्यंत

लघवीतून एकदा लाल गेलं, दुखलं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा साफ. आपल्याकडे अशा वेळी घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "उष्णता झाली असेल." मग धन्याचं पाणी, जिऱ्याचं पाणी, सब्जा. रक्त आपोआप थांबलेलं असतंच, त्यामुळे उपाय लागू पडला असं वाटतं आणि विषय तिथेच मिटतो. काही महिन्यांनी पुन्हा लाल दिसतं, तेव्हा माणूस दवाखान्यात येतो. मूत्ररोग विभागात परिचारिका म्हणून काम करताना हा उशीर मी फार वेळा पाहिला आहे. त्यामागे आळस क्वचितच असतो. "तिथून नळी घालतात म्हणे" एवढं कुठूनतरी ऐकलेलं असतं, आणि त्या एका वाक्याच्या धास्तीने तपासणी पुढे ढकलली जाते. लाज असते ती वेगळीच.

या तपासणीला सिस्टोस्कोपी म्हणतात. लघवीच्या वाटेने दुर्बीण पिशवीपर्यंत नेऊन आतून पाहतात, एवढंच ते. ती अजिबात दुखत नाही असं मी सांगणार नाही. पण पुढच्या क्षणी काय होणार आहे हे ज्याला माहीत असतं तो अंग आवळून धरत नाही, आणि अंग सैल असलं की ही तपासणी खरोखरच कमी दुखते. म्हणून सगळं क्रमाने सांगते.

कशाला सांगतात

लघवीत रक्त, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, लघवीची धार बारीक होणं किंवा तुंबणं, पिशवीत खडा असल्याचा संशय, औषधांनी न थांबणारी सततची लघवीची घाई, ही नेहमीची कारणं. पिशवीच्या कर्करोगावर एकदा उपचार झाले असतील तर पुढे ठरावीक काळाने हीच तपासणी करून घ्यावी लागते. पहिली बहुधा तीन महिन्यांनी असते. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेत आत ठेवलेली मऊ नळी, म्हणजे स्टेंट, तोही याच वाटेने काढतात.

"सोनोग्राफी नॉर्मल आली आहे, मग आता हे कशाला?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि तो अगदी रास्त आहे. सोनोग्राफीत मूत्रपिंडं, मोठे खडे, मोठ्या गाठी चांगल्या दिसतात. पण पिशवीच्या आतल्या अस्तरावरची बारीक गाठ, चपटा लाल डाग किंवा मूत्रमार्गातला अरुंदपणा तिच्यातून निसटू शकतो. दुर्बिणीतून डॉक्टर ते अस्तर थेट डोळ्यांनी पाहतात. विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढत असलेल्या माणसाच्या लघवीतून न दुखता रक्त गेलं असेल, तर सोनोग्राफी चांगली आली म्हणून ही तपासणी टाळू नका. तंबाखूच्या धुरातली घातक द्रव्यं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात, आणि लघवी तासन् तास पिशवीत साठून राहते. रंग तयार करणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना हा आजार जास्त होतो, हे तर १८९५ सालीच जर्मनीत लक्षात आलं होतं. त्यामुळे रंग-रसायनांच्या कामात तुमची वर्षं गेली असतील तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा.

लाल दिसणारं सगळंच रक्त नसतं, हेही खरं. बीट खाल्ल्यावर लघवीला गुलाबी झाक येते, टीबीच्या रिफॅम्पिसिन गोळीने ती नारिंगी होते. लघवीच्या साध्या तपासणीत फरक लगेच कळतो, म्हणून पहिलं पाऊल तेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यामुळेच रक्त आलं असेल, असं मात्र घरबसल्या ठरवू नका. गोळी चालू असली तरी रक्त कुठून येतंय ते शोधावंच लागतं.

लवचीक दुर्बीण, कडक दुर्बीण

हे आधीच विचारून घ्या, कारण तुमचा पुढचा सगळा दिवस यावर ठरतो.

लवचीक दुर्बीण साधारण ५ मिलिमीटर जाडीची, वळणारी असते. बधिर करणारी जेली मूत्रमार्गात घालून बाह्यरुग्ण विभागातच काम होतं. उपाशी राहावं लागत नाही, थोड्या वेळाने घरी जाता येतं. कडक दुर्बीण धातूची, सरळ आणि जरा जाड असते. तिच्यातून जास्त जाडीची अवजारं जातात, म्हणून खडा फोडायचा असेल किंवा अस्तराचा मोठा तुकडा तपासणीला घ्यायचा असेल तर ती वापरतात. अनेक ठिकाणी लवचीक दुर्बीण नसतेच, तिथे सगळ्यांसाठी हीच.

बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर आणि सरळ, त्यामुळे कडक दुर्बीणही बहुधा नुसत्या जेलीवर सहन होते. पुरुषांचा १८ ते २० सेंटिमीटर, वळणं घेत प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीमधून जाणारा. म्हणून पुरुषांमध्ये कडक दुर्बिणीसाठी बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात किंवा थोड्या वेळाची पूर्ण भूल देतात. भूल असेल तर काही तास उपाशी राहणं आलं, रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी आला, आणि घरी परतायला संध्याकाळ होणार हे धरून चाला.

जाता जाता एक सांगावंसं वाटतं. १८७९ मध्ये माक्सिमिलियन नित्से यांनी व्हिएन्नात पहिली उपयोगी सिस्टोस्कोप दाखवली, तेव्हा तिच्या टोकाला उजेडासाठी तापलेली प्लॅटिनमची तार असायची आणि ती थंड राहावी म्हणून पाणी खेळवावं लागायचं. त्या मानाने आज आपण फार सुखात आहोत.

तारीख ठरल्यावर

सगळ्यात आधी लघवीची तपासणी होते, कधी कल्चरही, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तपासणी पुढे ढकलतात, कारण दुर्बिणीमुळे ते जंतू रक्तात शिरून थंडी-ताप येऊ शकतो. तारीख बदलली म्हणून चिडू नका, ते तुमच्याच भल्याचं असतं. उन्हाळी लागल्यासारखी जळजळ तपासणीच्या दोन दिवस आधी नव्याने सुरू झाली, तर त्या दिवसाची वाट न बघता फोन करून कळवा.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा तत्सम रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ठळक सांगा. नुसतं पाहायचं असेल तर ती बऱ्याचदा चालूच ठेवतात, तुकडा घ्यायचा असेल तर कधी थांबवतात. हे ठरवायचं मूत्ररोगतज्ज्ञाने आणि हृदयाच्या डॉक्टरने मिळून. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने गोळी बंद केली, तर धोका दुर्बिणीपेक्षा कितीतरी मोठा. मधुमेह असेल आणि उपाशी राहायचं असेल, तर त्या सकाळी इन्सुलिन किंवा गोळी घ्यायची की नाही हे आदल्या दिवशीच विचारून कागदावर लिहून घ्या.

याशिवाय सांगायच्या गोष्टी अशा: बेटाडीन, भुलेचं औषध किंवा रबराचे हातमोजे यांची ॲलर्जी, पेसमेकर, हृदयाची कृत्रिम झडप, गरोदर असण्याची शक्यता, गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर तेही, कारण पाय वर उचलून बाजूला ठेवावे लागू शकतात. पुरुषांमध्ये पुढची कातडी मागे सरकत नसेल तर ते सांगायला लोक फार लाजतात, पण आधी कळलं की सगळं नीट होतं. पाळी चालू असेल तर तपासणी बहुधा करता येते, फक्त लघवीच्या नमुन्यात पाळीचं रक्त मिसळून गोंधळ होऊ नये म्हणून कळवा.

खर्चाचं विचारताना नुसती दुर्बिणीची फी विचारू नका. ओटीचा म्हणजे ऑपरेशन थिएटरचा खर्च, भूलतज्ज्ञाची फी, तुकडा घेतला तर पॅथॉलॉजीचे पैसे हे सगळं मिळून किती, असं विचारा. विमा असेल तर डे-केअर म्हणजे त्याच दिवशी घरी सोडण्याचं काम म्हणून मंजुरी लागते का ते आधी बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जात असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला तुमच्या आजाराचे कागद दाखवून काय बसतं ते विचारा.

सैल कपडे घाला. सोबत एक माणूस आणा, भूल असेल तर आणाच. बायकांनी एखादा पॅड आणि पुरुषांनीही एक जास्तीची अंतर्वस्त्राची जोडी पिशवीत टाकावी. केस काढून येण्याची गरज नसते. घरी घाईने ब्लेड फिरवून कापून घेतलेली माणसं येतात, तेव्हा वाईट वाटतं.

आत गेल्यावर

आधी संमतीपत्रावर सही. "फक्त बघणार की लागलं तर तुकडाही घेणार?" हे सही करण्याआधी विचारा. मग लघवी करून यायला सांगतात. कपडे बदलून गाऊन.

टेबलावर झोपवतात. लवचीक दुर्बिणीसाठी पुरुषांना नुसतं उताणं, बायकांना गुडघे वाकवून पाय बाजूला. कडक दुर्बिणीसाठी पाय दोन्ही बाजूंच्या आधारांवर वर ठेवतात. लाजेचा सगळ्यात अवघड क्षण हाच असतो, आणि तो मला कधीच किरकोळ वाटला नाही. खोलीत कोण कोण आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बायकांनी स्त्री परिचारिका जवळ असावी असं म्हणावं. शिकवणाऱ्या रुग्णालयात विद्यार्थी असतात, ते नको असतील तर तसं सांगता येतं. चादर नीट पांघरली नसेल तर "सिस्टर, जरा झाका" एवढं बिनधास्त म्हणा.

मग बेटाडीनने साफ करतात, ते गार लागतं. निर्जंतुक कापड अंथरतात. त्यानंतर लिग्नोकेनची बधिर करणारी जेली मूत्रमार्गात हळूहळू सोडतात. इथे पहिले काही क्षण चुरचुरतं, आत काहीतरी भरत गेल्यासारखं वाटतं. मग पाच-दहा मिनिटं थांबायचं. ही पाच-दहा मिनिटं फार मोलाची आहेत. गर्दीच्या दिवशी कोणी घाई करत असेल तर "जेली लागू द्या, मग सुरू करा" असं नम्रपणे म्हणायला काही हरकत नाही.

दुर्बीण आत जाताना पाण्याची धार सोबत चालू असते, तीच वाट उघडत पुढे जाते. बायकांना दोन-चार सेकंदांत दुर्बीण पिशवीत पोचते. पुरुषांना एका जागी जास्त जाणवतं: प्रोस्टेटच्या अलीकडे लघवी रोखून धरणारा स्नायूंचा आवळा असतो, तिथे. नेमकं तिथेच माणूस घाबरून आवळून धरतो, स्नायू घट्ट होतो आणि कळ वाढते. त्या क्षणी डॉक्टर म्हणतील, "लघवी करताय असं समजून सोडा." खरंच सोडा. लघवी होईल, टेबल खराब होईल ही काळजी करू नका, तिथे पाणी वाहतच असतं. तोंडाने लांब श्वास सोडा, पायाची बोटं हलवत राहा. काही डॉक्टर त्याच वेळी परिचारिकेला सलाईनची पिशवी दाबायला सांगतात. पाण्याचा जोर वाढला की तो टप्पा सोपा जातो. तीव्र कळ जाते ती काही सेकंदांतच.

पिशवीत पोचल्यावर ती सलाईनने भरतात, कारण रिकामी पिशवी चुरगळलेली असते आणि घड्यांमध्ये काय दडलंय ते दिसत नाही. आता लघवीची जोराची भावना होते. ही वेदना नसते, पण भरपूर अस्वस्थ करते. सहन होईना तर सांगा, पाणी थोडं काढून घेतात. "थांबा" म्हटलं की थांबायचं, हे सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी ठरवून घ्या. नुसतं पाहण्याचं काम पाच ते दहा मिनिटांत होतं.

पडदा बघा

जेलीवर तपासणी होत असेल आणि पडदा तुमच्या बाजूला वळवता येत असेल, तर वळवायला सांगा. बघत राहिलं की मन दुखण्यावरून निघतं आणि डॉक्टर काय दाखवतायत तेही कळतं.

निरोगी पिशवी आतून फिकट गुलाबी, गुळगुळीत, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असलेली दिसते. वरच्या बाजूला एक हवेचा बुडबुडा तरंगतो, त्याला घाबरू नका. खालच्या भागात दोन बारीक फटी दिसतील. त्या म्हणजे मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन नळ्यांची तोंडं, आणि जरा थांबलं तर त्यांतून लघवीची छोटीशी पिचकारी उडताना दिसते. रक्त कोणत्या बाजूने येतंय याचा पत्ता कधीकधी इथेच लागतो. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाच्या पिशवीत मात्र भिंत गुळगुळीत नसते. अडथळ्याविरुद्ध वर्षानुवर्षं जोर लावून स्नायूंच्या जाड पट्ट्या उमटलेल्या असतात. पुरुषांनी "म्हातारपणी व्हायचंच" म्हणून किती काळ कळ काढलेली असते, ते त्या भिंतीवर स्वच्छ दिसतं.

गाठ असेल तर ती बऱ्याचदा फुलकोबीच्या तुऱ्यासारखी पाण्यात हलताना दिसते. असं काही दिसलं आणि डॉक्टर गप्प झाले, तर तुम्ही विचारा. तिथल्या तिथे पक्कं निदान होत नाही. लहानसा तुकडा घेतला तर क्षणभर चिमटा बसल्यासारखं होतं. मोठी गाठ मात्र पुढे भूल देऊन दुर्बिणीतूनच काढतात, त्याला वेगळी तारीख असते. तुकड्याचा अहवाल यायला साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. काही चपटे डाग डोळ्यांना सहज दिसत नाहीत, म्हणून सोबत लघवीतल्या पेशींची तपासणीही सांगू शकतात. ती टाळू नका.

बाहेर आल्यावर

टेबलावरून झटकन उठू नका, आधी बसा. चक्कर येते कोणाकोणाला. उरलेली जेली गळत राहते, म्हणून तो पॅड. ज्या पुरुषांची सुंता झालेली नाही त्यांनी पुढची कातडी पुन्हा जागेवर आणलेली आहे ना, हे आठवणीने पाहावं. ती मागेच राहिली तर सूज चढते आणि कातडी अडकून बसते. लहानशी बाब आहे, पण त्यासाठी रात्री परत यावं लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

लघवी झाल्याशिवाय रुग्णालय सोडू नका. प्रोस्टेटवाल्यांनी तर नाहीच. कमरेतून भूल दिली असेल तर पायात नीट ताकद यायला काही तास लागतात, तोवर कोणाचा हात न धरता उभं राहायचं नाही. भूल किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही, बँकेचे वगैरे व्यवहारही करायचे नाहीत.

पहिली लघवी झोंबते. दुसरी जरा कमी. एक-दोन दिवस जळजळ, सारखं लागल्यासारखं वाटणं, लघवीला गुलाबी रंग, हे सगळं अपेक्षित आहे. तुकडा घेतला असेल तर रंग आणखी काही दिवस टिकतो. झोंबतं म्हणून पाणी कमी पिणं ही सगळ्यात सहज होणारी चूक. पाणी कमी तर लघवी दाट, आणि दाट लघवी जास्तच झोंबते. दिवसभरात दोन लिटरच्या आसपास थोडं थोडं पीत राहा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर मात्र तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच प्रमाण पाळा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं कापड ओटीपोटावर ठेवलं की बरं वाटतं. गरज पडली तर पॅरासिटामॉल. कुंथावं लागू नये म्हणून बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. जळजळ आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत शरीरसंबंध नको. लांबच्या गावाहून एसटीने आला असाल तर जमल्यास त्या रात्री शहरातच थांबा, कारण दर अर्ध्या तासाला लघवीला जावं लागलं तर बसमध्ये हाल होतात.

प्रतिजैविकाची गोळी काहींना एकदाच देतात, काहींना देतच नाहीत. शेजाऱ्याला मिळाली होती म्हणून मेडिकलमधून आणून घेऊ नका.

हे झालं तर रात्र असली तरी निघा

थंडी वाजून ताप येणं. लघवीत रक्ताच्या गुठळ्या, किंवा पाणी भरपूर पिऊनही लघवी गडद लालच राहणं. ओटीपोट फुगलंय, लागलंय, पण लघवी होत नाही. वाढत जाणारी, गोळीने न थांबणारी पोटदुखी. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. म्हाताऱ्या माणसाला ताप फारसा न चढता नुसतीच गुंगी येते, बोलणं असंबद्ध होतं, तेही याच यादीत धरा. रुग्णालयातून घरी निघण्यापूर्वीच तिथल्या आपत्कालीन विभागाचा फोन नंबर घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये तरी टाकून ठेवा.

स्टेंटवाल्यांसाठी

मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंड ते पिशवीपर्यंत डीजे स्टेंट नावाची मऊ नळी ठेवतात. ती बहुतेकदा काही आठवड्यांत काढायची असते. काढताना हीच दुर्बीण, सोबत एक बारीक चिमटा, आणि काम काही मिनिटांचं. ओढताना कमरेत विचित्र ताण जाणवतो, मग मोकळं वाटतं. स्टेंटच्या टोकाला बाहेर आलेला दोरा असेल तर दुर्बिणीचीही गरज पडत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. खडा गेला, दुखणं थांबलं, शेतीची कामं आली, आणि आत स्टेंट आहे हेच घरात कोणाच्या लक्षात राहत नाही. महिने उलटले की त्याच्यावर क्षार जमून दगड चढतो, तो ओढून निघत नाही, आणि काही जणांचं त्या बाजूचं मूत्रपिंड कायमचं निकामी होतं. नेहमीचा स्टेंट तीन महिन्यांच्या पुढे आत ठेवू नये असंच बहुतेक डॉक्टर सांगतात. डिस्चार्ज कार्डवर "स्टेंट आहे" आणि "अमुक तारखेपर्यंत काढायचा" असं लिहून घेतल्याशिवाय रुग्णालयातून निघू नका. ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खुणा करून ठेवा, आणि शस्त्रक्रियेला सोबत आलेल्या माणसालाही सांगून ठेवा.